बटणावरची गादी

मास्तरांच्या दुकानातला आरसा मोठा होता आणि दिवा बेताचा. यात कंजूषपणा नव्हता, धोरण होतं. नवे कपडे घालून माणूस आरशासमोर उभा राहिला की त्याला स्वतःचं जेवढं बरं आहे तेवढंच दिसावं, असं मास्तरांचं ठाम मत होतं. कुणाचा एक खांदा खाली असेल तर त्या बाजूला आतून गादी भरायची. पोट सुटलं असेल तर बटणांची रांग जराशी सरकवायची. पाठीला बाक असेल तर मागची शिवण अशी वळवायची की बाक कापडाचाच वाटावा. आणि यातलं काहीही गिऱ्हाइकाला सांगायचं नाही. "झाकली मूठ सव्वा लाखाची," मास्तर म्हणायचे, "पण ती झाकायला शिंपी लागतो."

त्यांची बायको शाळेत शिकवायची. सगळी गल्ली तिला बाई म्हणायची, म्हणून आपणही बाईच म्हणू. एका घरात एक मास्तर आणि एक बाई, पण मास्तरांनी शाळेचा नाद चौथीतच सोडला होता आणि बाईंना सुईत दोरा ओवता यायचा नाही. "मास्तर आहेत का?" असं कुणी दारात येऊन विचारलं की बाई आतून ओरडायच्या, "कापडाचे मास्तर दुकानात आहेत. पुस्तकाचं काम असेल तर आत या!" मूलबाळ नव्हतं. त्याचं दुःख दोघांनी आपापल्या परीने गिळून टाकलं होतं. बाईंनी तर वर्गातल्या पोरांनाच इतकं आपलं केलं होतं, की जेवताना मास्तरांना रोज कुणाचा दात पडला आणि कुणी कुणाची पेन्सिल चावली याची बातमी मिळायची.

मग बाईंना कॅन्सर निघाला.

पहिली औषधं हाताच्या शिरेतून दिली. त्यातलं थोडं शिरेबाहेर झिरपलं आणि मनगटाजवळची कातडी भाजल्यासारखी काळी पडली. बाकीच्या शिराही दोरीसारख्या कडक झाल्या. डॉक्टर म्हणाले, "आता हातातून जमणार नाही. पोर्ट बसवू." पोर्ट म्हणजे गळ्याच्या हाडाखाली, कातडीच्या आत बसवायची एक चपटी डबी. तिला एक नळी, ती थेट काळजाजवळच्या मोठ्या शिरेत. सुई टोचायची ती डबीच्या रबरी झाकणात. हात मोकळे, शिरा वाचल्या. डॉक्टरांनी एक गोष्ट स्पष्ट सांगितली. "उपचार लांबचा आहे आणि तुमच्यापाशी दुसरी वाट उरलेली नाही. ही सांभाळा."

मास्तरांनी बोट लावून पाहिलं. कातडीखाली टणक, गोल. "बटण आहे की!" ते म्हणाले. तेव्हापासून घरात त्याचं नाव बटण पडलं.

औषध द्यायचा वॉर्ड म्हणजे एक लांबलचक खोली, मागे रेलणाऱ्या खुर्च्यांची रांग आणि प्रत्येक खुर्चीशेजारी सोबत्यासाठी एक स्टूल. तिथल्या मुख्य सिस्टरना सगळे पेशंट पाठीमागे 'थांबा सिस्टर' म्हणत. कातडी औषधाने पुसली की त्या म्हणायच्या, "थांबा, वाळू दे." सुई आत गेली की सिरिंज मागे ओढून म्हणायच्या, "थांबा, रक्त येऊ दे." नळीत लाल दिसल्याशिवाय औषधाचा थेंब आत जाऊ द्यायच्या नाहीत. शेवटी नळी धुवायला खारं पाणी सोडायच्या, तेही एका दमात कधीच नाही. थोडं ढकलायचं, थांबायचं, पुन्हा थोडं ढकलायचं. अशाने नळी आतून घुसळून निघते, नाहीतर रक्त साकळून ती बुजते, असं त्यांनी मास्तरांना समजावलं होतं. घाईच्या माणसाला त्यांच्यापाशी बसवलं तर त्याचं रक्तच आटलं असतं.

एकदा काही केल्या रक्त येईना. मास्तरांच्या पाचावर धारण बसली. सिस्टर शांतपणे म्हणाल्या, "हात वर करा. मान तिकडे. आता खोका." खोटं खोटं खोकायचं म्हटल्यावर बाईंना हसू फुटलं आणि त्या हसण्यातच नळीत लाल धार आली.

"हसूनही येतं म्हणायचं," सिस्टर म्हणाल्या. त्यांना विनोद करताना त्या वॉर्डात कुणी पाहिलं नव्हतं.

मास्तरांचं लक्ष सुईवर. काटकोनात वाकलेली आणि टोकाला निराळीच घासलेली. "साधी का नाही लावत?" त्यांनी विचारलं.

"साधी सुई रबराचा कण कापून नेते."

"मग भोक राहतं," मास्तर म्हणाले. "पातळ कापडाला जाड सुई लावल्यासारखं."

"अगदी तसंच." सिस्टरनी पहिल्यांदा त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग म्हणाल्या, "मास्तर, रोज अंघोळ झाली की यांच्या बटणावर बोट फिरवून बघत जा. लाल दिसतंय का, गरम लागतंय का, सूज आहे का. हात किंवा मान सुजली तरी सांगा. त्या खांद्याला पिशवीचा पट्टा नको, घट्ट काही नको. आणि इथे मी सगळ्यांना थांबा थांबा म्हणते, पण एका गोष्टीत थांबायचं नाही. थंडी वाजून ताप आला की तसेच उठून यायचं. गोळी घेऊन वाट बघत बसायचं नाही."

मास्तरांनी हे काम अंगावर घेतलं. दुकान उघडायच्या आधी ते बाईंना खिडकीच्या उजेडात उभं करायचे आणि कापडाचा पोत बघावा तसं बोट फिरवायचे. "पास," म्हणायचे. "गुण किती?" बाई विचारायच्या. "पैकीच्या पैकी." हा रोजचा खेळ झाला.

वॉर्डात बाईंना एकच गोष्ट जड जायची. सुई लावायला ब्लाऊज खांद्यावरून उतरवावा लागे आणि ते सगळ्या खोलीदेखत. मास्तरांनी एक दिवस विचार केला, दुसऱ्या दिवशी ब्लाऊजला बटणाच्या जागी एक चौकोनी झडप शिवून टाकली. वरची बाजू शिवलेली, खालच्या तिन्ही बाजूंना टिचबटणं. झडप उचलली की तेवढीच जागा उघडी. सिस्टर इतक्या खूश झाल्या की त्यांनी बाईंना उभं करून सगळ्या वॉर्डाला तो ब्लाऊज दाखवला. मग काय, याची बहीण, त्याची आई, एक निवृत्त ड्रायव्हर शर्ट घेऊन. जन्मभर लोकांचं झाकण्यात गेलेले मास्तर खिडक्या पाडायला लागले. त्या काळात ते जवळजवळ सुखी होते, हे सांगायला हवं. औषध लागू पडत होतं, आणि आपल्या हाताचा काही उपयोग होतोय असं त्यांना वाटत होतं.

मधल्या दिवसांत बाईंना बरं वाटायला लागलं तसा त्यांनी शाळेचा ध्यास घेतला. डॉक्टरांनी होय-नाही करत अर्ध्या वेळेची परवानगी दिली. पहिल्या दिवशी त्या अशा तयार झाल्या जणू नोकरीचाच पहिला दिवस. आणि दुपारी परतल्या त्या हसतच.

"पहिल्या बाकावरचा चिमुरडा मला काय विचारतो माहितेय? 'बाई, तुमच्या आत बटण आहे ना? ते दाबलं की काय होतं?' अख्खा वर्ग हसला हो."

"तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, दाबलं की गृहपाठ दुप्पट होतो." हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. "फळ्याकडे कुणी बघतच नाही. सगळी इथेच बघतात. मी बाई राहिलेच नाही, पेशंट झाले."

मास्तरांनी पाण्याचा तांब्या पुढे केला. पाणी पिऊन बाई म्हणाल्या, "अहो, तुम्ही लोकांचे खांदे सारखे करता ना? मग हे सपाट नाही का करता येणार?"

बायकोने मागितलेली ही पहिलीच गोष्ट अशी होती की जी नेमकी त्यांना येत होती. त्यांनी पातळ स्पंज घेतला, मधे बटणापुरता खळगा कोरला, कडेने कॅनव्हास लावला म्हणजे गादी जागची हलणार नाही, आणि फिटिंग अंगाबरोबर घट्ट घेतलं. इतका जीव लावून त्यांनी लग्नाचा कोटही शिवला नव्हता. बाई त्या मोठ्या आरशासमोर उभ्या राहिल्या. समोरून बघितलं, बाजूने बघितलं, हात वर करून बघितलं.

"दिसत नाही हो!" त्या लहान मुलीसारख्या म्हणाल्या.

सिस्टरना विचारायला हवं होतं. ते दोघांच्याही मनात आलं आणि दोघांनीही बोलून दाखवलं नाही, कारण सिस्टर काय म्हणतील हे दोघांना पक्कं ठाऊक होतं.

तेव्हापासून दोरीवर दोन तऱ्हेचे ब्लाऊज वाळायला लागले. खिडकीचे दवाखान्याला, गादीचे शाळेला. शाळेच्या दिवशी बाईंची घाई, अंघोळीतून बाहेर येईपर्यंत गादीचा ब्लाऊज अंगात. "पास का?" त्या जाता जाता विचारायच्या आणि मास्तर ब्लाऊजकडेच बघून म्हणायचे, "पास!" फिटिंगला खरंच नाव ठेवायला जागा नव्हती. बोट फिरवून बघायचं हळूहळू राहूनच गेलं.

पुढच्या औषधाला सिस्टरनी झडप उचलली आणि त्यांचा हात थबकला. बटणाच्या कडेने फिकट लाल रेघ होती. त्यांनी बोट दाबलं. "दुखतं?"

"नाही."

"इथे काही घासतंय का? घट्ट काही घालता का?"

"नाही हो," बाई म्हणाल्या. "खिडकीचाच तर असतो."

सिस्टरनी मान वळवून स्टुलावर बसलेल्या मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांच्या मांडीवर बाईंची पिशवी होती. ते पिशवीच्या बकलाकडे बघत राहिले. सिस्टर तशाच उभ्या होत्या. मग पलीकडच्या खुर्चीतून कुणीतरी हाक मारली, आणि "लक्ष ठेवा हं," म्हणून त्या तिकडे गेल्या. अळीमिळी गुपचिळी.

बाहेर पडल्यावर बाई म्हणाल्या, "परीक्षेपर्यंतच हो. एवढी पोरं पार पडली की नाही घालणार."

"उद्या कॅनव्हास काढून टाकतो. मऊ करून देतो," मास्तर म्हणाले. त्यांनी खरोखरच दुसऱ्या दिवशी कॅनव्हास काढला आणि कड मऊ केली. फिटिंग मात्र तेवढंच घट्ट ठेवलं, नाहीतर गादी सरकली असती. आपण दुरुस्ती केली या समाधानात त्यांनी तो विषय मनातून काढून टाकला. बाईंना त्यानंतर तिथे चुरचुरायला लागलं होतं. पावडर लावून त्या गप्प राहायच्या. सांगितलं तर हे गादी काढून घेतील, ही त्यांना भीती.

परीक्षेच्या आदल्या आठवड्यात एका दुपारी बाई शाळेतून कुडकुडत आल्या. "वर्गात अर्धी पोरं शिंकतायत," त्या म्हणाल्या. "मलाही दिली प्रसादासारखी." मास्तरांनी दोन चादरी घातल्या. सिस्टरचे शब्द त्यांच्या कानात वाजत होते, वाजत नव्हते असं नाही. पण दवाखान्यात जायचं म्हणजे सिस्टरसमोर ब्लाऊज उघडायचा. हे कारण त्यांनी त्या दुपारी स्वतःलासुद्धा कबूल केलं नाही. त्यांनी तापाची गोळी दिली. संध्याकाळी घाम येऊन ताप उतरला, बाईंनी चार घास खाल्ले, आणि दोघांनाही हायसं वाटलं. गोळीने उतरतो तो ताप, आजार नव्हे, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं असंही नाही.

सकाळी बाई अशा थरथरत होत्या की खाट वाजत होती. बोलणं तुटक झालं होतं. ब्लाऊज बदलावा म्हणून मास्तरांनी हुक काढले तर गादी ओली होती आणि कातडीला चिकटली होती. त्यांनी पाणी लावून हळूच सोडवली. खाली काजाएवढं भोक पडलं होतं आणि त्यातून बटणाची राखाडी कड दिसत होती. त्यांनी तोच ब्लाऊज तिच्या अंगात परत घातला, कारण दुसरं काही शोधायचं त्यांना सुचलंच नाही, आणि गाडी करून तिला नेलं.

सिस्टरनी ब्लाऊज उतरवला. उलटा करून पाहिला. गादीवरून, खळग्यावरून, मऊ केलेल्या कडेवरून बोट फिरवलं.

"हे कोणी शिवलं?"

"मी."

सिस्टरनी ब्लाऊजची नीट घडी केली, एका पिशवीत घातली आणि पिशवी मास्तरांच्या हातात दिली. चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं, असं मास्तरांना पुढे कितीतरी वेळा वाटलं.

बटण त्याच दिवशी काढलं. जंतू रक्तात उतरले होते. ते मारायची औषधं आता हातातूनच द्यावी लागली, आणि हाताच्या शिरा एकेक करून फुटत गेल्या. त्या सगळ्या दिवसांत कॅन्सरचं औषध बंद राहिलं. रक्त स्वच्छ झाल्याशिवाय नवं बटण बसवता येत नाही, आणि रक्त स्वच्छ होईपर्यंत आजार यकृतात पोचला होता. डॉक्टर म्हणाले, "आजारच चिवट होता. सगळं सुरळीत झालं असतं तरी काय झालं असतं, कोण सांगणार?" मास्तरांनी मान हलवली. ते वाक्य त्यांच्या कानाबाहेरूनच गेलं.

बाईंना घरी आणलं. औषध आता फक्त दुखण्यावरचं होतं. एका दुपारी मास्तर पायाशी बसलेले, बाई म्हणाल्या, "सारखं काय तोंड पाडून बसता? शिवा म्हणून मीच म्हणाले होते."

"शिवलं मी."

"खोटं बोलले मी."

"गप्प बसलो मी."

"बघा," बाई म्हणाल्या, "सगळ्या संसारात एकच काम आपण इतकं मिळून केलं." आणि त्या हसल्या. मास्तरांना हसता येईना. बाईंचे पाय मांडीवर घेऊन ते चोळत राहिले.

परीक्षा झाल्यावर वर्गातली काही मुलं बघायला आली. पहिल्या बाकावरचा चिमुरडाही होता. तो पुढे येऊन टक लावून बघत राहिला. गळ्याखाली आता नुसता व्रण होता.

"बाई, बटण कुठे गेलं?"

"तुटलं रे."

"मग मास्तरांना सांगा ना," तो म्हणाला. "ते लावून देतील."

मास्तर दारातच उभे होते. ते उलट्या पावली दुकानात गेले आणि मशीनवर डोकं टेकून बसले. मुलं गेली तरी उठले नाहीत.

बाई गेल्या त्या एका सकाळी, शाळेची घंटा होते त्या वेळेला. बोलणं दोन दिवस आधीच थांबलं होतं. मास्तरांचं बोट त्यांच्या मुठीत होतं.

दुकान बरेच दिवस बंद राहिलं. उघडलं तेव्हा गिऱ्हाइकांना दोन फरक दिसले. बेताच्या दिव्याच्या जागी लखलखीत दिवा आला होता, आणि मास्तर आता कुणाच्या खांद्यात गादी भरत नव्हते. "जसा आहे तसा राहू दे," म्हणायचे. काही गिऱ्हाइकं तुटली. तुटू दे, असं मास्तरांचं झालं होतं.

एका दुपारी थांबा सिस्टर दुकानात आल्या. युनिफॉर्म नव्हता म्हणून मास्तरांनी आधी ओळखलंच नाही. त्यांनी मऊ सुती कापडाचा गठ्ठा काउंटरवर ठेवला. वॉर्डातल्या नव्या पेशंटांसाठी खिडकीचे कपडे शिवून हवे होते. मास्तरांनी कापड चिमटीत धरून पाहिलं, मान डोलावली. मग कापडावरची नजर न उचलता म्हणाले, "सिस्टर, त्या दिवशी तुम्ही विचारलंत, घट्ट काही घालता का. मी तिथेच बसलो होतो. मला ठाऊक होतं."

"माहीत आहे," सिस्टर म्हणाल्या.

मास्तरांनी वर पाहिलं.

"तिचं 'नाही' मला खरं वाटलंच नव्हतं. म्हणून तर तुमच्याकडे बघितलं. तुम्ही बोलाल म्हणून थांबले होते." सिस्टर काउंटरच्या कडेवरून बोट फिरवत होत्या. "मग तिकडून हाक आली आणि मी गेले. सगळा जन्म लोकांना थांबा म्हणण्यात गेला माझा, मास्तर. त्या दिवशी अजून थोडं थांबायला हवं होतं."

बाहेर कुणाची तरी सायकल जात होती. मग मास्तरांनी कापड उलगडलं, खडू घेतला आणि विचारलं, "खिडकी उजवीकडे की डावीकडे?"

"बहुतेकांची उजवीकडे," सिस्टर म्हणाल्या. "आणि मास्तर, सैल शिवा."

"हो," मास्तर म्हणाले. "सैलच शिवतो."